काडतूस हाताने भरायचा एवढा खटाटोप कशासाठी?

२०२४ च्या १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफल नेमबाजीचं ब्राँझ आणलं तेव्हा आमच्या घरात टीव्हीसमोर सगळ्यात जास्त नाचला तो माझा भाचा, आणि महिन्याभरात पठ्ठ्याने रायफल क्लबात नाव टाकलं. इथवर ठीक होतं. पण आता तो जेवताना मोबाईलवर जे व्हिडिओ बघतो त्यात कुणीतरी दाढीवाला अमेरिकन गॅरेजमध्ये एप्रन घालून बसलेला असतो, समोर छोटा वजनकाटा, बाजूला दांडा दाबायचं यंत्र, आणि तो तासन्‌तास एकेक काडतूस बनवत असतो, आपल्याकडे दिवाळीआधी चकल्या पाडतात तसं अगदी निवांत. ताईने ते पाहिलं आणि मला फोन. "हा पोट्टा घरी गोळ्या बनवायचं शिकून राहिला रे, तू ये अन् समजाव याला."

गेलो समजवायला आणि दोन तास मीच बघत बसलो. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मग इकडून तिकडून वाचलं, भाच्याचं डोकं खाल्लं, आणि जे समजलं ते लिहून काढतोय, कारण हा प्रश्न बऱ्याच जणांना पडलेला दिसतो की दुकानात तयार मिळणारी गोष्ट माणूस घरी बसून कशाला बनवेल.

आधी शब्द साफ करू

आपण सरसकट 'गोळी' म्हणतो पण गोळी हा काडतुसाचा फक्त पुढचा तुकडा, जो उडून जातो तो. मागे पितळेची पुंगळी असते, "घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या" असं पेपरात येतं ना, तीच. पुंगळीच्या बुडाशी एक इवलीशी टोपी, तिला प्रायमर म्हणतात, तिचं काम काडीपेटीच्या गुलाचं, ठोका बसला की ठिणगी. आणि आत दारू. ही सुतळी बॉम्बातली काळी दारू नाही, नायट्रोसेल्युलोजपासून केलेली, धूर जवळपास न करणारी, दिसायला शेवयांचा चुरा असावा तशी.

या चार वस्तू निवडून, मापून स्वतः जोडणं याला हँडलोडिंग म्हणतात. पुंगळी एकदा वापरली की गोळी, दारू, टोपी तिन्ही संपलेलं असतं पण पितळ शाबूत असतं, आणि काडतुसात महाग तेच, म्हणून ती परत परत भरतात.

हे नवीन खूळ नाही बरं

गडचिरोलीच्या बातम्यांत 'भरमार बंदूक जप्त' हे आपण कितीदा वाचलंय, पण त्या शब्दाकडे कधी नीट पाहिलं? भर आणि मार. नळीच्या तोंडातून दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा, मग मारा. कोकणात तिलाच ठासणीची बंदूक म्हणतात. म्हणजे एक काळ असा होता की बंदूकवाला प्रत्येक माणूस हाताने भरणाराच होता, दुसरा मार्गच नव्हता. १८५७ ची ती चरबीवाली काडतुसं म्हणजेसुद्धा कागदाची पुडीच, आत मोजलेली दारू आणि गोळी, शिपायाने ती दाताने फाडायची आणि एनफिल्ड बंदुकीच्या नळीत ओतायची. दाताने फाडायची होती म्हणूनच तर पुढचं सगळं घडलं. (आणि काडतूस हा शब्दही आपला नाही, पोर्तुगीजांकडून आलाय, बटाट्यासारखाच.)

पितळी पुंगळीवालं काडतूस नंतर आलं, कारखान्यात व्हायला लागलं, आणि सगळ्यांचा त्रास वाचला. तरी दोन जातीच्या लोकांनी हाताने भरणं सोडलं नाही. एक ज्यांना दुकान लांब होतं, अमेरिकेतले रानगवे मारणारे शिकारी वगैरे. आणि दुसरे हे लांबवरून टिपणारे. १८७४ ला न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर नावाच्या मैदानावर आयर्लंड आणि अमेरिकेची मॅच झाली होती, ८००, ९०० आणि १००० यार्डांवरून, अमेरिका फक्त ३ गुणांनी जिंकली. आज लांब पल्ल्याच्या रायफलीत जे '६.५ क्रीडमूर' काडतूस फेमस आहे त्याचं नाव त्या मैदानावरूनच.

गोळी खाली पडते हा प्रॉब्लेमच नाही

इथे माझा सगळ्यात मोठा गैरसमज गेला. मला वाटायचं घरी बनवतात म्हणजे जास्त दारू कोंबून जास्त जोरदार बनवत असतील. नाही. जोर वाढवायचाच नसतो, एकसारखा करायचा असतो.

आपण समजतो गोळी सरळ जाते. ती नळीतून निघाल्याक्षणी पडायला लागते, हातातून सुटलेल्या लिंबासारखी. थ्री-नॉट-एट नावाचं एक जुनं, सगळ्यांना माहीत असलेलं काडतूस घ्या, त्याची १७५ ग्रेनची (हे वजनाचं बारीक माप, पुढे सांगतोच) गोळी सेकंदाला साधारण २६०० फुटांनी निघते. रायफलचा नेम १०० यार्डांवर जुळवलेला असेल आणि तशीच ती १००० यार्डांवर, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटरवर रोखली, तर गोळी ३५ फुटांच्या आसपास खाली जाते. तीन मजले! पण त्याचं नेमबाजाला काही वाटत नाही, किती पडणार हे माहीत असतं, दुर्बिणीची चकती तेवढी फिरवली की झालं.

आपल्या स्टॉपवरची बस घ्या. रोज बरोबर वीस मिनिटं लेट येत असेल तर काहीच त्रास नाही, आपणही वीस मिनिटांनी जाऊ. डोक्याला ताप देते ती बस जी आज पाच मिनिटं लेट आणि उद्या पंचवीस. काडतुसांचंही तेच, एक गोळी २६०० ने निघाली आणि दुसरी २५९० ने, फरक फक्त १० फुटांचा, अर्धा टक्कासुद्धा नाही, तरी १००० यार्डांवर ती दुसरी साधारण ४ इंच खाली लागते. अमेरिकेतल्या एफ-क्लास नावाच्या स्पर्धेत या अंतरावर दहा गुणांचं वर्तुळ १० इंच रुंद आणि त्याच्या आतलं, बरोबरी झाली तर निकाल लावणारं, ५ इंच. साध्या तयार काडतुसांच्या वीसच्या डब्यात सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांच्यात ५०-६० फुटांचा फरक निघणं काही नवलाचं नाही. ५० फुटांचे वीस इंच झाले. म्हणजे हात थरथरला नाही, श्वास बरोबर धरला, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं, तरी गोळी वर्तुळाबाहेर, आणि चूक कुणाची ते कळणारही नाही.

ही जी 'चूक कुणाची ते कळत नाही' भानगड आहे ना, ती घालवायला माणसं रात्र-रात्र गॅरेजमध्ये बसतात.

इतवारीचा काटा आणि तांदळाचा दाणा

दारूचं वजन ग्रेनमध्ये करतात. ग्रेन म्हणजे धान्याचाच दाणा, जुनं माप आहे, ७००० ग्रेनचा एक पौंड, एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या अर्ध्याहून किंचित जास्त. हे लोक दारू ०.१ ग्रेनपर्यंत मोजतात, काही महाभाग त्याच्याही खाली जातात.

आकडा वाचून काही डोक्यात शिरत नव्हतं. मग ताईच्या पोतीचे मणी ओवायचे होते म्हणून नागपूरच्या इतवारीत सराफाकडे गेलो होतो, खिशात पुडीत चिन्नोर तांदळाचे चार दाणे घेऊन गेलो. सराफ ओळखीचा आहे तरी त्याने चष्म्यावरून पाहिलं. "भाऊ, तांदूळ आता सोन्याच्या भावाने विकून राहिले का?" पण ठेवला त्याने एक दाणा काट्यावर, काचेचं दार लावलं, आकडा थरथरला आणि ०.०१४ वर थांबला. १४ मिलिग्रॅम. म्हणजे ०.१ ग्रेन हा त्या बारक्या दाण्याचासुद्धा अर्धाच भाग झाला. पंख्याची हवा लागू नये म्हणून त्याने दार लावलं होतं, आणि नंतर पाहिलं तर व्हिडिओतला दाढीवालाही काट्याजवळचा एसी बंद करूनच बसतो.

गोळ्यांचंही तसंच, वजनाने आणि लांबीने वेगळ्या काढतात. कळमन्याला संत्र्यांची छाटणी पाहिली असेल, मोठी एका ढिगात, मध्यम दुसऱ्यात, तसंच, फक्त इथे दोन ढिगांतला फरक डोळ्याला दिसत नाही.

पितळ, म्हणजे खरी करामत

दारूच्या वजनाबद्दल सगळे बोलतात पण वाचल्यावर मला वाटलं की खरी गंमत पुंगळीत आहे.

काडतूस फुटतं तेव्हा आत दाब किती होतो? थ्री-नॉट-एटची ठरलेली मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, म्हणजे चौरस इंचाला तेवढे पौंड. आपल्या गाडीच्या टायरमध्ये ३०-३२ असतो. घरच्या कुकरची शिट्टी १५ च्या आसपास उडते. म्हणजे चार हजार कुकर एकदम, तेही चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. हा दाब मागे नेमबाजाच्या तोंडाकडे का येत नाही? कारण पितळ फुगून नळीच्या भिंतीला गच्च चिकटतं, कुकरच्या गास्केटसारखं, आणि दाब गेला की किंचित आकसतं म्हणून पुंगळी बाहेर निघते. लोखंडाच्या पुंगळ्याही असतात, पण लोखंड इतकं लवचिक नसतं.

आता फुगली म्हणजे तिने काय केलं, तर त्या एका रायफलच्या आतल्या पोकळीचा साचा घेतला. कारखान्यातलं काडतूस जगातल्या कुठल्याही थ्री-नॉट-एट रायफलीत गेलं पाहिजे म्हणून ते थोडं सैलच ठेवतात, रेडिमेड ब्लाउजसारखं, बसतो सगळ्यांना पण फिट कुणालाच नाही. एकदा उडवलेली पुंगळी म्हणजे अंगावर घालून घेतलेलं माप. मग तो माणूस ती परत भरताना जेमतेम केसभर आवळतो, आत जाण्यापुरती, जास्त नाही. त्यामुळे गोळी दरवेळी नळीच्या अगदी मध्यावर आणि दरवेळी सारखीच बसते.

पण पितळ पुन्हापुन्हा फुगलं-आवळलं की कडक होतं, आणि मग तिचं तोंड गोळीला कधी घट्ट धरतं कधी सैल. हे आपल्या भंडाऱ्याच्या भांडेवाल्यांना सांगायला नको, भंडाऱ्याची ओळखच पितळेची, ठोकून ठोकून पितळ कडक झालं की चिरतं म्हणून तापवून परत मऊ करतात. गॅरेजवाला तेच करतो, फक्त पुंगळीच्या तोंडापुरतं, काही सेकंद. बूड तापवायचं नाही, कारण बुडानेच ते चार हजार कुकर धरायचे असतात. कसबी तांबटाला शोभेल असं काम आहे, खरं सांगतो.

"पण वाऱ्याने गोळी सात-आठ फूट जाते म्हणे, मग चार इंचांचं काय घेऊन बसलात?"

हा प्रश्न मी भाच्याला विचारला आणि मला वाटलं आता अडकवला याला. आकडा खराच आहे, ताशी १६ किलोमीटरचा वारा, म्हणजे फुटाळा तलावावर संध्याकाळी असतो तसा साधा वारा, आडवा लागला तर १००० यार्डांवर थ्री-नॉट-एटची गोळी सात-आठ फूट बाजूला नेतो. मग दाण्या-दाण्याने दारू मोजून उपयोग काय?

पोट्टा म्हणाला, "मामा, वारा आडवा नेतो नं. वर-खाली कोण नेते?"

त्याने चार शब्दांत सांगितलं ते मी पानभर वाचून शिकलो. वेगातला फरक मुख्यतः वर-खाली दिसतो, वाऱ्याचा मुख्यतः डावी-उजवीकडे. काडतुसं एकसारखी असली की टार्गेटवरची भोकं एका आडव्या ओळीत पडतात आणि मग ती ओळ वाचता येते, की बाबा ही डावीकडे गेली, वारा वाढला होता, वाऱ्याचा झेंडा मी वाचला नाही. काडतुसं कमी-जास्त असतील तर भोकं चिवड्यासारखी सगळीकडे, त्यातून काय शिकणार? वारा वाचायला वर्षं जातात म्हणे, आणि ते शिकायचं असेल तर आधी बाकीचा गोंधळ बंद करावा लागतो. माझा प्रश्न मी गप परत घेतला.

तीन गोळ्यांचा भ्रम

या छंदात अंधश्रद्धाही भरपूर आहे, आणि हे मला सगळ्यात मजेदार वाटलं. माणूस दारूचं प्रमाण थोडं थोडं बदलत प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या मारून बघतो, एका प्रमाणाला तिन्ही भोकं एकमेकांत आली की झालं, फोटो, आरडाओरडा, 'सापडलं!' पुढच्या रविवारी तेच प्रमाण, तीच रायफल, आणि भोकं वावरभर.

तीन हा आकडाच लबाड आहे. एका झाडाची तीन संत्री गोड निघाली म्हणून अख्खी बाग घ्यायची का? तीनदा फासे टाकले आणि तिन्हीदा सहा आले तर फासा खोटा आहे असं लगेच म्हणत नाही आपण. वीस-तीस गोळ्या मारून जो फरक टिकतो तोच फरक, बाकी योगायोग. पण वीस-तीस मारायला पैसे लागतात, नळी झिजते, आणि मुख्य म्हणजे आपलं आवडतं प्रमाण साधारणच आहे हे कळतं, म्हणून कुणी करत नाही. माझं मत विचाराल तर निम्मे 'गुप्त फॉर्म्युले' याच जातीचे.

आणि आपला मे महिना

दारू गरम असेल तर जास्त वेगाने जळते, थंड असेल तर सावकाश. जुन्या जातीच्या दारूत कडाक्याच्या थंडीतून कडक उन्हाळ्यात आलं की गोळीचा वेग सेकंदाला ५० फुटांनी सहज बदलू शकतो, नव्या जाती बऱ्याच शहाण्या झाल्यात पण शून्य फरक कुणाचाच नाही. नागपूरचा विचार करा, डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेमध्ये ४५, आणि काडतुसांचा डबा कुणी बंद गाडीत ठेवला तर त्याचं तर बोलायलाच नको. जानेवारीत नीट बसवलेलं गणित मेमध्ये वीस इंच वर. शिवाय दाबही वाढतो, आणि जो आधीच मर्यादेच्या काठावर भरून बसलाय त्याच्यासाठी तो नुसता नेमाचा प्रश्न राहत नाही. गोळी नळीत चढवून तापलेल्या रायफलीत मिनिटभर वारा बघत बसलं तरी आतलं काडतूस शेकतं आणि पुढची गोळी वर जाते, म्हणून जाणकार लोक आधी वारा बघतात मग काडतूस आत घालतात.

ताईचा मूळ प्रश्न: हे घरी करता येतं का?

नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे, आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा त्यात गंभीर गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. बरं 'दारूगोळा' या शब्दात कायद्याने नुसतं तयार काडतूस धरलेलं नाही, त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा धरलीत. म्हणजे 'मी फक्त यंत्र आणलं, अजून बनवलं कुठे' हा युक्तिवाद चालत नाही. अमेरिकेत व्हिडिओतलं ते काट्या-यंत्राचं टेबल छंदाच्या दुकानात मिळतं, इथे ते टेबल म्हणजेच केस. परदेशातून ऑनलाइन मागवायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर तो तिथेच सोडा.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी. विदर्भाला दारूचं काम काय असतं ते माहीत आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, भंडाऱ्याला जवाहरनगरला आहे, तिथे २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. तिथे नियम, कुंपण, प्रशिक्षण सगळं असतं तरी हे होतं. भरण्यातली नेहमीची चूक तर फार साधी असते, मध्येच फोन वाजला, परत येऊन त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू गेली. चहात साखर दोनदा पडते तशीच, पण हा कप डोळ्यापासून वीतभर अंतरावर उघडतो. म्हणून तिकडचे शहाणे लोक टेबलावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवतात आणि भरलेल्या सगळ्या पुंगळ्यांमध्ये टॉर्च मारून बघितल्याशिवाय गोळी बसवत नाहीत.

मग ५० मीटरवाले काय करतात?

त्यांच्या पॉइंट टू-टूच्या काडतुसाला वेगळी टोपीच नसते, पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठात भरलेला असतो, आणि ठोका बसला की तो काठ चेपतो, म्हणजे परत भरायची सोयच नाही. ऑलिम्पिकवालेही डब्यातलंच वापरतात. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर, शर्टाच्या बटणाएवढं, गोळी स्वतः ५.६ ची. स्वप्निलने फायनलमध्ये ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण केले, म्हणजे सरासरी दहाच्या थोडं वरच. अशा ठिकाणी एकसारखेपणा आणायचा कसा, तर निवडून. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण प्रत्येक लॉट, म्हणजे कारखान्यात एकावेळी बनलेली खेप, थोडा वेगळा वागतो, आणि गंमत म्हणजे प्रत्येक नळीला वेगळा लॉट आवडतो. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ या काडतूस कंपन्यांकडे नेमबाज आपली नळी घेऊन जातात, ती शिकंज्यात आवळतात, लॉटमागून लॉट मारून बघतात, आणि जो जमला तो एकदम भरपूर उचलतात. साडीच्या दुकानात एकाच डाईचे दोन ताके मिळाले की आपण आणखी दोन बांधून घेतो, ते उगाच नसतं.

भाचा अजून या पातळीला नाही, पहिलं वर्ष एअर रायफलवर गेलं, आता कुठे क्लबाची पॉइंट टू-टू हातात आलीय आणि काडतुसं क्लब देतो तीच. पण डब्यावरचा लॉट नंबर तो लिहून ठेवतो, दहा-दहा गोळ्यांचे गुण त्याच्यासमोर. वही सापडली नाही तर स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे ताई दुधाचा हिशोब लिहिते. परवा दूधवाला महिन्याचे पैसे घ्यायला आला तेव्हा तिने बेरीज केली, एकदा, दोनदा, आणि मग मला फोन, १४ तारखेला '१ लिटर'च्या खाली ९६.४ लिहिलंय, आपण एवढं दूध घेतलं कधी म्हणून.